कललेलं झाड पाडण्याचा सुरक्षित क्रम: खाच, बिजागरी, पाचर आणि दोर

घराकडे, विहिरीकडे किंवा रस्त्याकडे कललेलं झाड पाडताना त्याच त्या चुका होत राहतात. दोर हाताला पोचेल तिथे, म्हणजे फार खाली बांधलेला असतो. पुढची खाच नावापुरती मारलेली असते. मग मागून कापत कापत चेनसॉ थेट आरपार नेला जातो. अशा वेळी चार माणसं दोर ओढत असली तरी झाड वजन असेल तिकडेच जातं.

झाडाला दिशा देते ती बिजागरी. पुढची खाच आणि मागचा काप यांच्यामध्ये मुद्दाम राखलेल्या लाकडाच्या पट्टीला बिजागरी म्हणतात. झाड खाली येईपर्यंत ही पट्टी तुटता कामा नये. खालचे सगळे टप्पे तिच्यासाठीच आहेत, म्हणून त्यांचा क्रम बदलू नका. चेनसॉ चालवायचा सराव असलेल्या, पण कललेल्या झाडाशी फारसा संबंध न आलेल्या माणसांसाठी हे लिहिलं आहे. ज्यांनी चेनसॉ कधी हातात धरलेला नाही त्यांनी अशा झाडावर शिकू नये. आधी आडव्या पडलेल्या ओंडक्यांवर हात बसवावा.

## टप्पा 1: परवानगी आणि वीज

स्वतःच्या जागेतलं झाड असलं तरी परवानगी लागू शकते. महाराष्ट्रात ग्रामीण भागासाठी 1964 चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे. साग, आंबा, फणस, खैर, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ ही झाडं त्याच्या अनुसूचीत येतात. शहरात 1975 चा नागरी क्षेत्रांचा कायदा लागू होतो आणि अर्ज वृक्ष प्राधिकरणाकडे जातो. गोव्यात 1984 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. अर्जासोबत झाडाचे दोन बाजूंनी काढलेले फोटो जोडा. कल आणि धोका दोन्ही त्यात दिसू द्या.

झाड किंवा त्याची फांदी पडताना तारेला लागण्याची थोडीशी जरी शक्यता असेल, तरी महावितरणच्या शाखा कार्यालयात लेखी कळवा. लाइन बंद झाली आहे हे त्यांच्या माणसाने जागेवर येऊन सांगितल्याशिवाय मशीन सुरू करू नका.

थांबा: भारनियमनामुळे वीज गेलेली असताना काम उरकून घेऊ नका. ती कधीही परत येते. घरात येणारी साधी सर्व्हिस वायरसुद्धा जीव घेते आणि ओला दोर वीज वाहून नेतो.

## टप्पा 2: झाड वाचणं

या टप्प्याला अर्धा तास द्या. एवढा वेळ नसेल तर काम दुसऱ्या दिवसावर ढकला.

उंची. डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर भरतं तेवढीच काठी घ्या. हात सरळ करून ती उभी धरा आणि मागे सरकत जा. काठीचं खालचं टोक बुंध्याशी आणि वरचं टोक शेंड्याशी जुळलं की थांबा. सपाट जमिनीवर तिथून झाडापर्यंतचं अंतर म्हणजे झाडाची उंची. या उंचीच्या दुपटीएवढ्या वर्तुळात चेनसॉ चालवणाऱ्याशिवाय कोणी उभं राहू नये. दोर सांभाळणारी माणसं, बघे, गुरं, सगळे बाहेर.

कल. ओळंबा हातात धरून झाडाकडे पाहा. मग काटकोनात फिरून दुसऱ्या बाजूने पाहा. एका बाजूने सरळ दिसणारं झाड दुसऱ्या बाजूने मीटरभर कललेलं असू शकतं. इथे नुसता बुंधा बघून चालत नाही, पानोऱ्याचं, म्हणजे फांद्या-पानांच्या घेराचं वजन कुठे आहे ते शोधायचं असतं. बुंधा उजवीकडे झुकलेला आणि मोठ्या फांद्या सगळ्या डावीकडे, असं आंब्याचं किंवा रेन ट्रीचं झाड डावीकडेही जाऊ शकतं. पानोऱ्याचा मध्य अंदाजाने धरा आणि त्याखाली ओळंबा बुंध्यापासून किती दूर पडतो ते मोजून लिहून ठेवा. टप्पा 6 मध्ये हा आकडा लागेल.

पोकळी. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने बुंधा चारी अंगांनी ठोका. घट्ट लाकडाचा आवाज टणक येतो, पोकळ भागाचा घुमतो. शंका आली तर लांब ड्रिल बिटाने छिद्र पाडा आणि भुसा बघा. तो काळपट आणि ओलसर यायला लागला की तिथून पुढे कूज आहे. चांगल्या लाकडाचं कडं त्रिज्येच्या एक तृतीयांशापेक्षा कमी असेल, म्हणजे 60 सेंटीमीटर जाडीच्या बुंध्यात 10 सेंटीमीटरपेक्षा कमी, तर त्यातून भरवशाची बिजागरी निघत नाही. असं झाड जमिनीवरून पाडू नका. क्रेन किंवा बास्केट लावून वरून तुकड्यातुकड्याने उतरवा.

वरचा धोका. वाळक्या फांद्या, फांदीत अडकलेल्या तुटक्या डहाळ्या, वेली आणि आग्यामोहोळ शोधा. वेलींनी शेजारच्या झाडाला बांधलेलं झाड पडताना त्याची फांदी ओढून आणतं. मोहोळ दिसलं तर ते जाणकाराकडून हलवून घेतल्याशिवाय मशीनचा आवाज करू नका.

जातीप्रमाणे वागणं बदलतं. निलगिरीचं लाकूड सरळ रेषेचं आणि आतून ताणलेलं असतं, ते उभं फाटतं. गुलमोहर, पांगारा, सावर, शेवगा यांची बिजागरी लवकर तुटते, म्हणून बाजूला कललेल्या अशा झाडांत तिच्यावर विसंबू नका. माडाचं खोड बाहेरून कठीण आणि आत मऊ असतं, त्यामुळे मध्यभागी मारलेली पाचर नुसती रुतते. मोकळी जागा नसेल तर माड पाडेलीकडून (माडावर चढून नारळ पाडणाऱ्याकडून) वरून खाली तुकडे करत उतरवणंच बरं. मोकळी जागा असली तरी नारळ आणि सुकी झावळं आधी काढून घ्या.

## टप्पा 3: साहित्य

40 ते 60 सेंटीमीटर जाडीच्या झाडाला 50 ते 60 सीसीचा चेनसॉ आणि 18 किंवा 20 इंची बार (चेन जिच्यावर फिरते ती लांब पट्टी) पुरतो. पेट्रोलमध्ये ऑइलचं प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत पाहा. चांगलं टू-स्ट्रोक ऑइल असेल तर बहुतेक मशीनना 50 ला 1, म्हणजे लिटरला 20 मिलि लागतं. चेनसाठी वेगळं चेन-ऑइलच वापरा. गाडीतून काढलेलं जळकं ऑइल घालायची सवय सगळीकडे दिसते. त्यातल्या धातूच्या कणांनी ऑइल पंप बिघडतो आणि बार कोरडा पडून तापतो.

चेनला धार आहे की नाही हे भुशावरून कळतं. जाडसर तुकडे पडत असतील तर धार आहे, पिठासारखा भुसा पडत असेल तर नाही. .325 इंच पिचच्या (कड्यांमधल्या अंतराच्या) चेनला 4.8 मिमी आणि 3/8 च्या चेनला साधारण 5.2 मिमी जाडीची गोल कानस लागते. बोथट चेनने काप वाकडा जातो, आणि वाकड्या कापातून वाकडी बिजागरी तयार होते.

बाकी साहित्य:

- प्लास्टिकच्या किंवा कठीण लाकडाच्या किमान तीन पाचरी. लोखंडी पाचर चेनसॉच्या कापात कधीच घालू नका. चेन लागली तर दात उडतात.
- दीड-दोन किलोचा घण, पहार, कुऱ्हाड, कोयता.
- झाडाच्या उंचीच्या किमान अडीचपट लांब दोर, हाताने चालवायचा वायररोप पुलर, कप्पी, आणि अँकरच्या, म्हणजे दोराचं दुसरं टोक ज्याला बांधायचं त्या झाडाला गुंडाळायचा रुंद पट्टा.
- जाळीची झडप आणि कानावरचे मफ असलेलं हेल्मेट, कापापासून वाचवणारी चेनसॉ पँट, जाड तळाचे बूट, शिट्टी आणि प्रथमोपचाराची पेटी. पेटीत रक्त थांबवायची मोठी पट्टी हवीच.

चप्पल आणि लुंगीवर हे काम करायचं नाही. चेनसॉ पँट महाग वाटते म्हणून टाळली जाते. पण तिच्यातले लांब धागे चेनमध्ये अडकून ती जागीच थांबवतात. साध्या जीन्सने तसं होत नाही.

## टप्पा 4: जागा मोकळी करणं

पडण्याची दिशा ठरली की तिच्या विरुद्ध बाजूला, मागे तिरक्या, डाव्या आणि उजव्या अंगाने 45 अंशांवर निसटायच्या दोन वाटा काढा. प्रत्येक वाट किमान 5-6 मीटर लांब हवी. झुडपं कोयत्याने मुळाशी कापा, बोटभर खुंट ठेवू नका. झाडाच्या थेट मागची रेषा ही वाट नव्हे, कारण बुंधा उसळून त्याच रेषेत मागे येतो. उतारावर असाल तर वाट वरच्या बाजूला तिरकी काढा. मध्ये गडगा येत असेल तर तो आधी पाडून वाट सपाट करा.

पडायच्या रेषेत मोठा दगड किंवा बांध असेल तर बुंधा त्यावर आपटून वर उडतो. रेषा थोडी बदला.

तपासा: मशीन बंद ठेवून दोन्ही वाटांनी एकदा मागे बघत चालून पाहा. पाय अडखळला तर वाट अजून तयार नाही.

## टप्पा 5: खाच

खाच पडण्याच्या बाजूला मारायची. वरचा तिरका काप आधी, खालचा आडवा नंतर, म्हणजे दोन्ही नीट जुळवता येतात. खोली बुंध्याच्या जाडीच्या पाचव्या हिश्शाएवढी. 50 सेंटीमीटरच्या बुंध्याला 10 सेंटीमीटर खोल खाच घेतली की बिजागरीची लांबी साधारण 40 सेंटीमीटर मिळते, ती पुरेशी असते. खाच फार खोल गेली तर मागे पाचरीला जागा उरत नाही.

खाचेचं तोंड किमान 45 अंश उघडं हवं. अवघड झाडाला आम्ही 70 अंश सुचवतो. कारण असं: झाड पडताना खाचेच्या दोन कडा एकमेकींना टेकल्या की बिजागरी तुटते. 45 अंशांत ती झाड अर्ध्यावर असतानाच तुटते आणि पुढच्या पडण्यावर कोणाचा ताबा राहत नाही. 70 अंशांत ती झाड जमिनीजवळ येईपर्यंत धरून ठेवते.

तपासा: दोन्ही काप एकाच रेषेत भेटले आहेत का, हे खाचेत वाकून बघा. एक काप दुसऱ्याच्या पुढे गेलेला असेल तर तिथलं लाकूड आधीच कापलं गेलं आहे. तिथे खाच लवकर मिटते, बिजागरी एका बाजूने तुटते आणि झाड वळतं. जास्तीचा काप खाच वाढवून साफ करा. मग बार खाचेत टेकवून हँडलच्या रेषेवरून दिशा पुन्हा पाहा. दिशा चुकली असेल तर ती आत्ताच दुरुस्त होते, मागचा काप सुरू झाल्यावर नाही.

## टप्पा 6: मागचा काप, कलाप्रमाणे

बिजागरीची जाडी बुंध्याच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी, म्हणजे 50 सेंटीमीटरला 5. ती दोन्ही टोकांना सारखी हवी. बाजूला कललेल्या झाडाचा अपवाद खाली दिला आहे. काप सुरू करण्याआधी बिजागरीची मागची रेषा खडूने सालीवर दोन्ही बाजूंना आखून घ्या. आखणी नसेल तर काप हमखास जास्त जातो. 45 अंशांच्या खाचेला मागचा काप खाचेच्या कोपऱ्यापेक्षा 3 ते 5 सेंटीमीटर वर घ्या, 70 अंशांच्या खाचेला जवळपास त्याच पातळीवर.

### अ) पडायच्या दिशेलाच खूप कललेलं झाड

हे सोपं वाटतं, पण इथे जीव जाऊ शकतो. मागून नेहमीसारखा काप घेत गेलात तर बिजागरी बारीक होण्याआधीच झाडाचं वजन पुढे ओढतं, बुंधा मधून उभा फाटतो आणि मागचा अर्धा भाग माणसाच्या छातीच्या उंचीवर उसळतो.

म्हणून उलट्या क्रमाने कापायचं:

1. खाच पाचव्या हिश्शापर्यंतच घ्या. जास्त खोल गेलात तर बार अडकतो.
2. बिजागरीच्या रेषेच्या थोडं मागे, बाजूने, बारच्या टोकाचा खालचा भाग लाकडाला लावा. थ्रॉटल पूर्ण ठेवा. टोक आत गेल्यावर बार सरळ करून आरपार ढकला. टोकाचा वरचा भाग आधी लागला तर मशीन तोंडाकडे उसळतं.
3. आतून पुढे सरकत बिजागरीच्या रेषेपर्यंत या. मग मागे कापत जा, पण मागच्या सालीजवळ 5 सेंटीमीटर किंवा थोडी जास्त पट्टी राखा. झाड आता पुढे बिजागरीने आणि मागे या पट्टीने धरलेलं आहे.
4. मशीन बाहेर काढा, निसटायची वाट पाहा, शिट्टी द्या.
5. झाडाच्या बाजूला उभं राहून, हात लांब ठेवून, मागची पट्टी बाहेरून कापा. हा काप आधीच्या कापापेक्षा 2-3 सेंटीमीटर खाली घ्या, नाहीतर झाड जाताना बार ओढून नेतं.

बुंधा बारच्या लांबीपेक्षा जाड असेल तर या यादीतल्या क्रमांक 2 आणि 3 च्या गोष्टी दोन्ही बाजूंनी करा. एका बाजूने लांबवून कापायचा प्रयत्न करू नका.

### आ) उलट दिशेला, म्हणजे मागे कललेलं झाड

इथे पाचर आणि दोर लागतात. पाचर किती काम करेल ते आधी मोजता येतं: पाचरीने मागची कड जितकी उचलली जाते, त्याला पानोऱ्याच्या मध्याच्या उंचीने गुणा आणि बिजागरीपासून मागच्या कडेपर्यंतच्या अंतराने भागा. 50 सेंटीमीटरच्या बुंध्यात खाच 10, बिजागरी 5, म्हणजे मागे 35 सेंटीमीटर उरतात. पाचरीने कड 2.5 सेंटीमीटर उचलली आणि पानोऱ्याचा मध्य 10 मीटरवर असेल तर तो सुमारे 70 सेंटीमीटर पुढे येतो. टप्पा 2 मध्ये लिहून ठेवलेला कल 40-50 सेंटीमीटर असेल तर पाचर पुरेल. मीटरभर असेल तर पाचरीच्या भरवशावर सुरुवातच करू नका, दोर लावा.

पाचर वेळेत घाला. मागचा काप बारच्या रुंदीपेक्षा जरा आत गेला की लगेच पहिली पाचर हाताने बसवा. झाड मागे बसून बार अडकला की उशीर झाला. लहान बुंध्यात बार आणि पाचर दोघांना जागा नसते. अशा वेळी मागचा अर्धा भाग एका बाजूने कापा, तिथे पाचर ठोका, मग उरलेला अर्धा दुसऱ्या बाजूने कापा. पाचर दोन-तीन घावांनी पुढे सरकवा, मग थोडं कापा, पुन्हा ठोका. प्रत्येक घावानंतर वर बघा, कारण हादऱ्याने वाळक्या फांद्या गळतात. झाड पूर्ण वाळलेलं असेल तर घण वापरूच नका, फक्त दोराने ओढा.

दोर उंचीच्या दोन तृतीयांशावर, जाड फांदीच्या फाट्याच्या वर बांधा. अँकर जितका दूर तितकी ओढ कामाला येते. दोर बांधलेल्या उंचीएवढ्याच अंतरावरून ओढलं तर 71 टक्के ओढ आडवी लागते, दुप्पट अंतरावरून 89 टक्के. दोर कप्पीतून वळवून घ्या, म्हणजे पुलर चालवणारा पडायच्या रेषेत राहत नाही.

क्रम असा: दोर हलका ताणा, खाच मारा, मागचा काप आणि पाचर घ्या, बिजागरी ठरलेल्या जाडीला आली की कापणारा बाजूला होतो, आणि मग पुलरने ओढायचं. काप अपुरा असताना जोरात ओढलं तर सरळ झाडसुद्धा उभं फाटतं.

थांबा: दोर हाताला, कमरेला किंवा ट्रॅक्टरच्या मागे बांधून ओढू नका. ट्रॅक्टर झटका देतो आणि चिखलात घसरला की झाड मागे येतं. ताणलेल्या दोराच्या कोनात कोणी उभं राहायचं नाही. नायलॉनचा दोर ताणतो आणि तुटला की चाबकासारखा परत येतो.

### इ) बाजूला कललेलं झाड

बिजागरीचं कलाच्या विरुद्ध बाजूचं टोक जाड ठेवा, कारण ताण तिथे असतो. 50 सेंटीमीटरच्या झाडाला तिकडे 7 आणि कलाच्या बाजूला 4 सेंटीमीटर ठेवता येतात. पाचर कलाच्या बाजूने घाला. खाचेची दिशा कलाच्या विरुद्ध थोडी वळवून घ्या. शिवाय कलाच्या विरुद्ध बाजूला एक आडदोर अँकरला बांधा. कलाच्या बाजूला घर असेल तर या चारही गोष्टी करूनही भरवसा धरू नका. आधी त्या बाजूच्या जड फांद्या वरून उतरवा, म्हणजे कलच कमी होतो.

## टप्पा 7: झाड हललं की

झाड हलायला लागलं की काप थांबवा. बिजागरीला हात लावू नका. मशीन सहज निघत असेल तर घेऊन, नाहीतर तिथेच सोडून ठरलेल्या वाटेने मागे जा. पळताना पाठ वळवू नका, नजर वर ठेवा. झाड पडल्यावरही काही वेळ शेजारच्या झाडांतून मोडक्या फांद्या गळत राहतात, त्या थांबेपर्यंत जवळ जाऊ नका.

## झाड मध्येच अडकलं तर

शेजारच्या झाडात अडकलेल्या झाडाखाली जाऊ नका. त्याच्यावर चढू नका. ज्याने ते धरलं आहे ते झाड कापू नका. वरून दुसरं झाड पाडून ते मोकळं करायचा प्रयत्नही नको. बरोबर उपाय एकच: बुंध्याला पट्टा घालून पुलरने लांबून मागे ओढा किंवा गोल फिरवा. त्या दिवशी जमलं नाही तर दोरी आणि फलक लावून जागा बंद करा आणि मोठा विंच आणा.

## वादळात उन्मळलेलं झाड

मुळांसकट पडलेल्या झाडाचा बुंधा कापला की मुळांचा गड्डा खाडकन परत उभा राहतो. गड्ड्याच्या मागच्या खड्ड्यात कोणी नाही, मुलंसुद्धा नाहीत, हे आधी पाहा. गड्डा दोराने बांधा आणि बुंध्याचा किमान मीटर-दीड मीटरचा तुकडा त्याला ठेवूनच काप घ्या.

वाकलेल्या किंवा दोन टोकांवर टेकलेल्या ओंडक्यात एक बाजू दबलेली आणि एक ताणलेली असते. मध्येच लोंबणाऱ्या ओंडक्यात वरची बाजू दबलेली असते. एका टोकाने हवेत असलेल्या ओंडक्यात उलट, वरची बाजू ताणलेली असते. दबलेल्या बाजूला आधी तिसऱ्या हिश्शापर्यंत काप द्या, मग ताणलेल्या बाजूने पुरा करा. ताणलेल्या बाजूने एकदम कापलं तर ओंडका फाटून उसळतो, आणि दबलेल्या बाजूने जास्त कापलं तर बार अडकतो. बार अडकलाच तर मशीन बंद करा, कापात पाचर ठोका आणि पहारीने ओंडका उचलून बार सोडवा. चालू मशीन हिसकू नका.